स्लॅब सेरिफला खरी इटॅलिक हवी आहे (रानफुलांच्या पुस्तिकेसाठी)

रानवाटा

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात सह्याद्रीत रानफुलं बघत हिंडणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे. यंदा खिशात मावेल अशी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि मला इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) येतं म्हणून मांडणीचं काम माझ्याकडे आलंय.

मजकुरासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कर्मा' घेतला. जोआना कोरेआ यांनी केलेला, मोफत, पाच वजनांत मिळतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच फॉन्टमध्ये, रेघ जवळजवळ सारख्या जाडीची आणि रोमन भाग स्लॅब सेरिफ, म्हणजे अक्षरांचे पाय सपाट आणि जाड. ७० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर बारीक आकारातसुद्धा तो तुटत नाही, म्हणून सगळ्यांना आवडला.

अडचण अशी की कर्माला इटॅलिक नाही. प्रत्येक फुलाच्या मराठी नावाखाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत येणार आणि ते तिरकं हवंच, असं आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं ठाम म्हणणं आहे. तूर्त मी सरळ अक्षरालाच १२ अंश स्क्यू देऊन, म्हणजे नुसतं कलतं करून काम भागवलंय. पडद्यावर बरं दिसतं. कागदावर काढलं की डोळ्याला टोचतं, पण नेमकं काय टोचतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. गटातले काही म्हणतात, 'वाचणाऱ्याला काय फरक पडतोय?'

तर प्रश्न असे. नुसतं कलतं केलेलं अक्षर आणि इटॅलिक यांतला फरक साध्या वाचकाला जाणवतो का? स्लॅबमध्ये चांगली इटॅलिक असलेले, शक्यतो मोफत, फॉन्ट कोणते? आणि काही पानांवर शास्त्रीय नाव देवनागरीतही दिलंय (फ्रेरिया इंडिका, स्ट्रोबिलँथिस कॅलोसा वगैरे), तेही तिरकं करायचं का?

ठिपका

छपाईबद्दल जाणकार बोलतीलच. मी वेबवर काम करतो, तेवढ्यापुरतं सांगतो, कारण पुस्तिकेची वेब आवृत्ती तुम्ही आज ना उद्या काढालच.

सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) इटॅलिक मागितली आणि फॉन्टमध्ये ती नसली, तर ब्राउझर गप्प बसत नाही. तो सरळ अक्षर स्वतःच कलतं करून दाखवतो. 'ऑब्लिक' म्हणून नुसतं लिहिलं आणि अंश दिले नाहीत, तर प्रमाणानुसार १४ अंश धरले जातात. रोबोटो स्लॅब २०१३ पासून सर्रास वापरात आहे आणि त्याला इटॅलिक नाही. म्हणजे वेबवर जिथे जिथे तिरका रोबोटो स्लॅब दिसतो, तिथे तो ब्राउझरने ओढून वाकवलेला आहे. हे थांबवायचं असेल तर 'फॉन्ट-सिंथेसिस' हा गुणधर्म 'नन' करून ठेवा. मग निदान चूक झाकली जात नाही, लगेच दिसते.

फॉन्टला इटॅलिक असूनही तिची फाइल जोडायची राहिली तर हाच प्रकार होतो. मी बघितलेल्या मराठी संकेतस्थळांवर हे फार आढळतं.

मोफत स्लॅबमध्ये झिला स्लॅब (मोझिलासाठी टायपोथेकने २०१७ मध्ये केलेला) आणि बिटर (सोल मातास, २०११) या दोघांना वेगळी रेखाटलेली इटॅलिक आहे. कोड लिहायला मी आयबीएम प्लेक्स मोनो वापरतो. त्याची इटॅलिक आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकयंत्राच्या, अक्षरं कोरलेल्या एका गोळ्यावरून सुचलेली आहे. कोडमधल्या टिपा तिच्यात ठेवल्या की नुसत्या नजरेने वेगळ्या काढता येतात. पुस्तिकेला ती चालणार नाही, पण स्लॅबची इटॅलिक किती देखणी असू शकते ते पाहायला जरूर उघडा.

जुळारी

रानवाटा, तुमच्या डोळ्याला जे टोचतंय ते खरोखरच तिथे आहे. ते मोजताही येतं, म्हणून आधी तेच सांगतो.

रोमन लिपीतला लहान 'एक्स' घ्या. कर्मात त्याच्या दोन्ही रेघा जवळपास सारख्या जाडीच्या आहेत. आता त्याला उजवीकडे १२ अंश कलवा. जी रेघ आधीच उजवीकडे झुकलेली होती ती ताणली जाते आणि साधारण १० टक्के बारीक होते. डावीकडे झुकलेली रेघ आखडते आणि साधारण ११ टक्के जाड होते. उभे दांडे २ टक्के बारीक होतात. आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लॅबचे पाय, होते तेवढेच राहतात. 'ओ' बघा: वरचा उजवा आणि खालचा डावा खांदा सुजतो, उरलेले दोन खांदे आत जातात. गोल अक्षर कुणीतरी कोपऱ्यात धरून ओढल्यासारखं होतं. आठ पॉइंटात एवढा फरक सुटा दिसत नाही, पण ओळभर अक्षरांत तो पसरला की ओळ डागाळलेली वाटते. तुम्हाला खटकतं पण बोट ठेवता येत नाही, त्याचं कारण हे.

टाइम्ससारख्या अक्षरात रेघा मुळातच जाड-बारीक असतात, त्यामुळे तिथे हा बिघाड थोडा लपतो. स्लॅबची सगळी भिस्त सारख्या जाडीवर, आणि कलवल्यावर नेमकी तीच मोडते. म्हणून माझं म्हणणं, आणि ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: स्लॅब निवडताना आधी त्याची इटॅलिक बघा, सरळ अक्षर नंतर. सरळ स्लॅब बरा काढणारे पुष्कळ आहेत. कस लागतो तो इटॅलिकमध्ये.

का लागतो, तेही सांगतो. इटॅलिकचा जन्म भरभर लिहिणाऱ्या हातातून झाला. १५०१ मध्ये व्हेनिसला मुद्रक आल्दुस मानुत्सिउसने व्हर्जिलच्या कविता छोट्या आकारात छापल्या, तेव्हा फ्रान्चेस्को ग्रिफोकडून त्याने ही अक्षरं कोरून घेतली. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी यांचं जे नातं, तसंच काहीसं रोमन आणि इटॅलिकचं आहे. मोडी म्हणजे कलती केलेली बाळबोध नव्हे. बोरू न उचलता लिहिताना अक्षरांची घडणच बदलली. इटॅलिकमध्येही 'ए' दुमजलीचा एकमजली होतो, 'एफ' बऱ्याचदा तळरेघेखाली उतरतो, अक्षरं अरुंद होतात आणि एकमेकांकडे हात पुढे करतात.

आता स्लॅब कुठून आला ते बघा. इंग्लंडमध्ये १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुनापुस्तकात तो छापील रूपात दिसतो. भिंतीवरच्या जाहिराती, लॉटरी, नाटकांचे फलक ही त्याची कामं. लांबून ओरडून सांगणारं अक्षर ते, त्याला लेखणीशी देणंघेणं नाही. अशा अक्षराला हस्ताक्षराची चाल द्यायची म्हणजे परस्परविरुद्ध दोन गोष्टी एका जागी बसवणं. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीने क्लॅरेंडन आणला, तो कोशातले मुख्य शब्द ठळक करायला फार उपयोगी पडला. पण क्लॅरेंडन घराण्याला परंपरेने इटॅलिक नाहीच. पुढे जर्मनीत मेम्फिस (१९२९) आणि इंग्लंडमध्ये मोनोटाइपचा रॉकवेल (१९३४) आले, तेव्हा सरळ अक्षरालाच कल देऊन भागवलं गेलं. तो काळच तशा विचाराचा होता. अक्षरतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ मध्ये लेख लिहून मांडलं होतं की आदर्श इटॅलिक म्हणजे कललेलं रोमन. पुढे त्याने स्वतःच तो आग्रह सैल केला. ॲड्रियन फ्रुटिगरच्या 'सेरिफा' या स्लॅबलाही (१९६७) कललेलं रोमनच आहे, फक्त फ्रुटिगरसारख्या माणसाने प्रत्येक वळण पुन्हा रेखून घेतलं. तुमच्या स्क्यूच्या चौकटीला ते जमत नाही.

एरिक गिलच्या 'जोआना' या फॉन्टने (१९३०-३१) उलटी वाट धरली. तिची इटॅलिक जेमतेम ३ अंश कललेली आहे. जवळजवळ उभीच, पण अरुंद. तरीही ती इटॅलिक आहे हे वाचताना क्षणात कळतं. कल कमी आणि घडण वेगळी, हे एकदा पाहिलं की 'तिरकं म्हणजे इटॅलिक' ही समजूत डोक्यातून जाते.

माझ्या मते हे कोडं पुरतं सोडवलं ते पेटर माथियास नोर्डझाइ यांच्या केसिलियाने. द हेगला विद्यार्थी असताना काम सुरू केलं, १९९० मध्ये लायनोटाइपने तो बाजारात आणला. वडील गेरिट नोर्डझाइ तिथेच रुंद टोकाच्या लेखणीतून अक्षरं शिकवायचे, आणि त्या स्लॅबमध्ये ती लेखणी दिसते. किंडलवर कित्येक वर्षं मूळचा फॉन्ट हाच होता, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी नाव न कळताच तो वाचला असेल. भिंग घेऊन त्याच्या इटॅलिकमधला 'एन' बघा. सरळ 'एन'च्या दोन्ही दांड्यांना तळाशी दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात. इटॅलिकमध्ये पहिला दांडा तळरेघेवर तसाच, पट्टीशिवाय टेकतो. दुसरा दांडा उजवीकडे वळून पुढच्या अक्षराच्या दिशेने जातो. सुरुवातीची पट्टी वर डावीकडे तेवढी राहते. म्हणजे स्लॅब ठेवला, पण हात जिथे टेकतो आणि जिथून उठतो तिथेच. दोन्ही बाजूंचे पाय जसेच्या तसे ठेवून अक्षर कलवलं की प्रत्येक अक्षर आपापल्या जागी खिळून बसतं आणि तरी पुढे झुकतं. ती ओढाताण वाचणाऱ्याला शब्दांत सांगता येणार नाही, पण तो त्या नावावर उगाच अडखळेल.

गटातल्या मंडळींना हे सांगा: 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस' रोमन लिपीत लिहिलं तर सोनकीच्या तीन मराठी अक्षरांखाली केवढी लांब ओळ होते ते बघा. खिशातल्या पुस्तिकेत रकाना अरुंद. खरी इटॅलिक अरुंद असल्यामुळे ते नाव एका ओळीत राहण्याची शक्यता वाढते. कलवलेल्या अक्षराने जागा वाचत नाही, ते होतं तेवढंच रुंद राहतं.

आता निवड. केसिलिया विकत घ्यावा लागतो, तेव्हा तो राहू दे. ठिपका यांनी सांगितलेले झिला आणि बिटर दोन्ही मोफत आहेत. मी बिटर घेईन, कारण तो मुळात पडद्यावरच्या सलग वाचनासाठी रेखलाय, अंगाने भरलेला आहे आणि कर्माच्या देवनागरीशेजारी दुबळा पडणार नाही. झिला जरा कोरडा, नेमका, तक्त्यांना छान. पण एक पथ्य पाळा. नुसती इटॅलिक बिटरची आणि बाकीचं रोमन कर्माचं, असं करू नका. पुस्तिकेतलं रोमन लिपीतलं सगळंच बिटरमध्ये जाऊ दे, कर्मा फक्त देवनागरीला.

देवनागरी तिरकी करायची का? नका करू. वडिलांच्या ट्रेडल छपाईयंत्रावर मी खिळे जुळवायला शिकलो तेव्हा इंग्रजीच्या केसमध्ये इटॅलिक वेगळी विकत आणलेली असायची. देवनागरीत जोर द्यायचा तर काळा (ठळक) टाइप लावायचा, नाहीतर अवतरणचिन्हं. संगणकावर 'आय'चं बटण आलं आणि मराठीही वाकायला लागली. तिरक्या देवनागरीचे तयार फॉन्टही निघाले. मॅकमधल्या श्री देवनागरी ७१४ ला तर चक्क इटॅलिक आहे. तरी तुम्ही 'फ्रेरिया' कलवून पाहा. शिरोरेघ आडवी ती आडवीच. काने सगळे उजवीकडे झुकतात. मात्रा मुळात डावीकडे कललेली असते, ती उलट उभी व्हायला लागते आणि जाडही होते. एकाच शब्दात तीन दिशा. आपल्या लिपीत तिरकेपणाला 'हे शास्त्रीय नाव आहे' असा अर्थ चिकटलेला नाही, मग त्याच्यासाठी अक्षर का मोडायचं? कर्माचं लाइट वजन घ्या, तेवढं वेगळेपण पुरतं.

फलकवाला

जुळारीकाका, पुस्तकापुरतं सगळं मान्य. पण कललेल्या रोमनची इतकी हजेरी घेऊ नका, आमचं पोट त्यावर आहे.

मी सांगलीकडे फलक, गाड्यांवरची नावं आणि कबड्डी-खो-खोच्या संघांच्या जर्सी करतो. जाड स्लॅब, तोही पुढे झुकलेला, याला या कामात तोड नाही. झुकलेला म्हणून त्यात धाव दिसते, आणि खाली पट्ट्या असल्यामुळे तो घसरत नाही, जमिनीला धरून राहतो. बिनपायांचं जाड अक्षर तेवढंच कलवलं तर आता पडेल असं वाटतं. शिवाय जर्सीवर सगळी मोठी लिपी, म्हणजे कॅपिटल. मोठ्या लिपीतल्या अक्षरांना एकमजली-दुमजलीचा प्रश्नच नाही. खऱ्या इटॅलिकमध्येसुद्धा मोठी अक्षरं म्हणजे कललेलं रोमनच ना? रॉकवेलसारख्या कंपासपट्टीच्या अक्षराला हस्ताक्षराचे हात फुटले तर ते मला तरी बरं वाटत नाही.

बटण दाबून काम संपत नाही हे मात्र खरं. मी आधी कलवतो, मग 'ओ', 'एस', 'सी' यांची वळणं हाताने पुन्हा ओढतो. 'एक्स', 'व्ही', 'डब्ल्यू' यांच्या रेघांची जाडी जुळवून घेतो. पट्ट्यांच्या टोकांचंही बघावं लागतं. कलवल्यावर ती टोकं चाकूसारखी धारदार होतात, आणि प्लॉटरवर व्हिनाइल कापलं की नेमके तेच कोपरे आधी उचलतात. जर्सी दोन-चार धुण्यांत सोलायला लागते. म्हणून मी पट्टीचं टोक परत थोडं उभं करतो आणि कोपरा अगदी किंचित गोल करतो. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण संघाचं नाव मोसमभर जागेवर राहतं.

जुळारी

फलकवाला, तुमचं बरोबर आहे, आणि कोपरा गोल करायचं मी आमच्या पोराला उद्याच सांगतो. मोठ्या लिपीत, मोठ्या आकारात, दोन-तीन शब्दांसाठी कललेलं रोमन हाच रास्त मार्ग. तुम्ही वळणं हाताने ओढता म्हणजे फ्रुटिगरने केलं तेच करता. माझा राग आहे तो कलवून तसंच सोडून देण्यावर.

रॉकवेलबद्दलही पटलं. त्याचं अंग यंत्राचं आहे, त्याला लेखणीची इटॅलिक लावली तर दोन वेगळ्या घरांतली माणसं एका फोटोत उभी केल्यासारखी दिसतील. बिटर, केसिलिया यांचं सरळ अक्षरच लेखणीच्या ओळखीचं, म्हणून त्यांना ती शोभते. रानवाटांच्या पुस्तिकेत सगळी लहान लिपी, आठ-नऊ पॉइंट आणि पानोपानी नावं, त्यामुळे तिथे मी हट्ट सोडणार नाही.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बिटर उतरवून घेतला आणि करवी, सोनकी आणि शिंदळ माकुडी अशी तीन पानं लावून प्रिंट काढली. फरक वादातीत आहे. 'वाचणाऱ्याला काय फरक पडतोय' म्हणणाऱ्यांनीच दोन कागद शेजारी ठेवल्यावर बिटरच्या कागदावर बोट ठेवलं. सोनकीचं नावही एका ओळीत बसलं.

कर्मा रेग्युलरशेजारी बिटर रेग्युलर काळा वाटत होता, म्हणून इटॅलिक लाइट वजनात घेतली. देवनागरी ११ पॉइंट ठेवली तर रोमन त्याच आकारात फार मोठं दिसतं, ते साडेनऊवर आणलंय. देवनागरीतली नावं सरळच ठेवली.

आता दोन बारकावे उरलेत. नावानंतर ते देणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव येतं, जसं फ्रेरिया इंडिकापुढे डॅल्झेल. तेही इटॅलिक का? बाई नाही म्हणतात, पण एका जुन्या पत्रकात ते तिरकं छापलेलं पाहिलंय. दुसरं, शास्त्रीय नाव कंसात टाकलं की कंस आणि अक्षर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. कंसही इटॅलिक करू का?

जुळारी

बाई बरोबर आहेत. प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) यांचं नाव इटॅलिक, ते देणाऱ्याचं नाव सरळ. 'व्हरायटी', 'सबस्पीशीज' यांची संक्षिप्त रूपंही सरळ, आणि जात ओळखता आली नाही म्हणून 'एसपी.' लिहिता तेही सरळ. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वतः शास्त्रीय नावं इटॅलिकमध्ये छापते, पण अक्षराची निवड हा संपादकाच्या शैलीचा भाग आहे असंही ती म्हणते. म्हणजे कायद्याने कुणी धरणार नाही. तरीही हे पाळा, कारण त्यातून वाचकाला कळतं की नाव कुठे संपलं आणि माणूस कुठे सुरू झाला. डॅल्झेलसारखी नावं सह्याद्रीच्या फुलांना वारंवार लागतात. त्यांनी आणि गिब्सन यांनी मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं होतं. सरळ आणि तिरकं यांतला फरक तुम्ही नीट सांभाळलात तर रानात उभ्या असलेल्या माणसाला ते नाव वेगळं वाचता येईल.

इथेच खऱ्या इटॅलिकचा आणखी एक फायदा आहे. शास्त्रज्ञाचं नाव सरळ लाइटमध्ये, फुलाचं नाव इटॅलिक लाइटमध्ये, दोन्ही एकाच घराण्यातली. वजन न बदलता, रंग न बदलता, एका ओळीत दोन आवाज मिळतात. नुसत्या कलवलेल्या अक्षरात हा फरक इतका पुसट होतो की घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटतो.

कंस सरळच ठेवा. कंस तुमच्या मराठी वाक्याचा आहे, शास्त्रीय नावाचा नाही. त्यामुळे तो कर्मातूनच घ्या, बिटरमधून नको, म्हणजे उघडणारा आणि मिटणारा एकाच अंगाचे राहतील. जीआरईपी स्टाइल लावून रोमन अक्षरं आपोआप इटॅलिक करत असाल तर त्या नियमात कंस येऊ देऊ नका. शास्त्रज्ञांच्या नावांना वेगळी कॅरेक्टर स्टाइल द्या, नाहीतर तीही त्याच नियमात सापडून तिरकी होतील. आणि वर्डमधून मजकूर आणणार असाल तर तिथे कुणी 'आय' दाबलेलं देवनागरी आधी शोधून सरळ करा, वर्ड ते न विचारता कलवून ठेवतो.

चिकटतं कुठे ते सांगतो. उघडणारा कंस खालच्या टोकाला उजवीकडे वळतो. पुढचं मोठं अक्षर उजवीकडे झुकलेलं, म्हणजे त्याचा तळ डावीकडे राहतो, आणि त्यात स्लॅबची पट्टी आणखी डावीकडे बाहेर आलेली. फ्रेरियाच्या 'एफ'चा पाय कंसाच्या टोकात जातो तो असा. बिनसेरिफच्या अक्षरात हा त्रास निम्मासुद्धा होत नाही. मिटणाऱ्या कंसाचं याच्या उलट: तो वरच्या टोकाला डावीकडे वळतो आणि शेवटच्या अक्षराचं डोकं त्याच्याकडे झुकतं. माणसाच्या सन्मानार्थ ठेवलेली पुष्कळ नावं लागोपाठ दोन 'आय'वर संपतात, तिथे दुसऱ्या 'आय'चा ठिपका कंसाला जाऊन भिडतो.

इनडिझाइनच्या कर्निंगच्या चौकटीत उघडणाऱ्या कंसानंतर ४० आणि मिटणाऱ्याच्या आधी ३० घालून बघा. साडेनऊ पॉइंटला एवढं बहुधा पुरेल. 'टी'ने सुरू होणाऱ्या नावांना कमी लागेल, कारण त्याचा पाय मधोमध असतो. सगळी नावं एकदा लावून झाली की पान १०० टक्क्यांवर छापून घ्या आणि फक्त कंसांवरून नजर फिरवा.